शौर्य, पुरावा आणि कालमर्यादा : लेफ्टनंट गार्लिन कॉनर यांच्या पदकाचे प्रकरण

शौर्यपदकांचा इतिहास सामान्यतः पराक्रमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रणांगणावर कृत्य घडले, वरिष्ठांनी त्याची दखल घेतली आणि राज्यसत्तेने पदक बहाल केले, असा सरळ क्रम त्यात गृहीत धरलेला असतो. वस्तुतः कृत्य आणि पदक यांच्यामध्ये कागदपत्रांचा फार मोठा प्रदेश पसरलेला असतो. शिफारस कोणी लिहिली, साक्षी कोणाच्या नोंदल्या, त्या कोणत्या दप्तरात जाऊन पडल्या आणि निर्णय घेणाऱ्याच्या हाताशी किती वेळ होता, यांवर पदकाचा दर्जा पुष्कळदा ठरतो. या प्रदेशात जे एकदा हरवते ते पुन्हा हाती लागणे किती दुष्कर असते, हे अमेरिकेतील केंटकी राज्याचे रहिवासी गार्लिन मर्ल कॉनर (१९१९-१९९८) यांच्या प्रकरणावरून स्पष्ट होते. २४ जानेवारी १९४५ रोजी फ्रान्समध्ये त्यांनी केलेल्या एका कृत्यासाठी त्यांना लगोलग 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस' हे अमेरिकन लष्करातील दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक मिळाले. त्याच कृत्यासाठी 'मेडल ऑफ ऑनर' हे सर्वोच्च पदक मिळण्यास २०१८ साल उजाडले. मधल्या ७३ वर्षांपैकी शेवटची २२ वर्षे अर्ज, फेटाळणी, फेरअर्ज आणि न्यायालयीन झगडा यांत गेली. हा झगडा सुरू झाला तेव्हा कॉनर हयात होते. परंतु स्वतःची साक्ष स्वतः देण्याची शक्ती त्यांच्या ठायी उरलेली नव्हती.

प्रकरणाचे मर्म ध्यानी येण्यासाठी अमेरिकन पदकपद्धतीचा पूर्वेतिहास थोडा पाहणे अवश्य आहे. यादवी युद्धाच्या काळात, डिसेंबर १८६१ मध्ये आरमारासाठी आणि जुलै १८६२ मध्ये भूदलासाठी मेडल ऑफ ऑनर निर्माण झाले. त्या वेळी दुसरे कोणतेही लष्करी पदक अस्तित्वात नव्हते. त्यामुळे खऱ्या शौर्यासाठी, साध्या कर्तव्यतत्परतेसाठी आणि कधी कधी निव्वळ सोयीसाठीही हेच पदक वाटले गेले. १८६३ च्या जून महिन्यात दक्षिणेच्या सैन्याने उत्तरेवर चाल केली असता, मुदत संपत आलेल्या सत्ताविसाव्या मेन पलटणीतील जे सैनिक राजधानीच्या रक्षणासाठी थांबतील त्यांना पदक देण्याचे आश्वासन युद्धमंत्र्यांनी दिले. थांबले सुमारे तीनशे. पदके मात्र सबंध पलटणीच्या नावे, म्हणजे ८६४, निघाली. या अनवस्थेची निरवानिरव १९१६-१७ मध्ये झाली. सेवानिवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या मंडळाने भूदलाच्या सर्व जुन्या पदकांची छाननी केली आणि ९११ नावे यादीतून वगळली. त्यानंतर ९ जुलै १९१८ च्या कायद्याने पदकांची श्रेणी लावून देण्यात आली, सर्वोच्च पदकाखाली डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉसला स्थान मिळाले आणि शिफारस दोन वर्षांत व प्रदान तीन वर्षांत झाले पाहिजे असे बंधन घालण्यात आले. आरमारासाठी फेब्रुवारी १९१९ च्या कायद्याने हीच मर्यादा अनुक्रमे तीन व पाच वर्षे ठरवली.

कालमर्यादेच्या या नियमाकडे केवळ नोकरशाहीचा कोतेपणा म्हणून पाहणे योग्य होणार नाही. जुन्या आठवणींच्या आधारे, ओळखीपाळखीच्या बळावर, निवडणुकीच्या हंगामात पदके मिळवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुबलक झाले होते. साक्षीदार हयात आहेत, स्मृती ताजी आहे, प्रतिस्पर्धी साक्षही घेता येते, अशाच काळात निर्णय व्हावा हा त्यामागील हेतू रास्त होता. मात्र हा नियम एक गोष्ट गृहीत धरून चालतो : की रणांगणावरील अधिकाऱ्याला मुदतीच्या आत योग्य ती शिफारस लिहिण्यास सवड असते. कॉनर यांच्या बाबतीत नेमके हेच गृहीत कोसळले.

कॉनर यांचा जन्म केंटकीच्या दक्षिण सीमेवरील क्लिंटन परगण्यात एका मोठ्या शेतकरी कुटुंबात झाला. मार्च १९४१ मध्ये ते सैन्यात दाखल झाले. तिसऱ्या पायदळ डिव्हिजनच्या सातव्या रेजिमेंटमध्ये त्यांची नेमणूक होती. ही डिव्हिजन उत्तर आफ्रिका, सिसिली, आन्झियो आणि दक्षिण फ्रान्स अशा मार्गाने लढत गेली, आणि कॉनर साधा सैनिक ते लेफ्टनंट अशी पायरी रणांगणावरच चढले. चार वेळा त्यांना सिल्व्हर स्टार हे पदक मिळाले. जानेवारी १९४५ मध्ये ते तिसऱ्या बटालियनचे गुप्तवार्ता अधिकारी होते. पूर्वीच्या एका जखमेवर रुग्णालयात उपचार घेऊन त्यांना पलटणीत परतून फार दिवस झाले नव्हते.

२४ जानेवारीच्या सकाळी अल्सास प्रांतात कोल्मारच्या उत्तरेस असलेल्या हूसेन गावाजवळ जर्मनांनी प्रतिहल्ला केला. सहा रणगाडे व रणगाडाविध्वंसक गाड्या आणि त्यांच्या पाठीशी सुमारे सहाशे पायदळ असा तो हल्ला होता. तोफखान्याचा मारा अचूक पाडावयाचा तर कोणीतरी पुढे जाऊन तो कोठे पडतो हे पाहून टेलिफोनवरून सांगणे प्राप्त होते. हे काम कॉनर यांनी आपण होऊन अंगावर घेतले. टेलिफोन आणि तारेचे रीळ घेऊन, तोफगोळे पडत असलेल्या भागातून सुमारे ४०० यार्ड धावत ते आपल्या फळीच्याही ३० यार्ड पुढे असलेल्या एका उथळ चरात जाऊन पडले, आणि तेथून तीन तास मारा नियंत्रित करीत राहिले. शत्रू त्यांच्यापासून अवघ्या पाच यार्डांवर आला तेव्हा त्यांनी स्वतःच्या ठिकाणावरच तोफा डागावयास सांगितले. हल्ला मोडला. मानपत्रानुसार सुमारे ५० जर्मन सैनिक ठार व किमान १०० जखमी झाले.

या घटनेनंतर दोनच दिवसांनी, २६ जानेवारीला, तेथून थोड्याच अंतरावरील होल्ट्सविर गावाजवळ त्याच डिव्हिजनच्या पंधराव्या रेजिमेंटमधील लेफ्टनंट ऑडी मर्फी यांनी जवळजवळ याच प्रकारचे कृत्य केले. त्यांच्याही हाती टेलिफोन होता, त्यांनीही आपल्या अगदी निकट तोफमारा मागवला आणि जळत्या रणगाडाविध्वंसक गाडीवर चढून मशीनगन चालवून सुमारे तासभर हल्ला थोपवून धरला. मर्फी यांना त्याच वर्षीच्या जून महिन्यात मेडल ऑफ ऑनर मिळाले. पुढे चित्रपटांमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. दोन कृत्यांची तुलना करताना मर्फी यांच्या पदकाला कोणी उणे म्हणण्याचे कारण नाही. परंतु एकाच डिव्हिजनमध्ये, एकाच मोहिमेत, दोन दिवसांच्या अंतराने घडलेल्या कृत्यांपैकी एक प्रथम श्रेणीत व दुसरे द्वितीय श्रेणीत का गणले गेले, याचे उत्तर कृत्यांच्या स्वरूपात सापडत नाही. ते शिफारशीच्या इतिहासात शोधावे लागते.

सुदैवाने या बाबतीत समकालीन पुरावा उपलब्ध आहे. कॉनर यांचे बटालियन-प्रमुख लेफ्टनंट कर्नल लॉइड रॅम्झी हेही केंटकीचेच. १९४५ मध्येच लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपल्या या अधिकाऱ्याविषयी मोठ्या अभिमानाने लिहिले असून, त्यांना मिळालेला क्रॉस हा खरे तर मेडल ऑफ ऑनर होऊ शकला असता, परंतु ते घरी जाण्यास निघाले होते व निघण्यापूर्वी त्यांच्या हाती काही तरी पडावे अशी इच्छा होती, अशा आशयाचा खुलासा केला आहे. या एका वाक्याचे मोल मोठे आहे. सर्वोच्च पदकाची शिफारस वॉशिंग्टनपर्यंत जावी लागे आणि तिच्यासोबत निर्विवाद पुरावा जोडावा लागे. क्रॉसचा निर्णय मात्र युद्धक्षेत्रातील सेनापतीच्या पातळीवर होऊ शके. कॉनर यांना तो फेब्रुवारी १९४५ मध्ये सातव्या आर्मीचे सेनापती अलेक्झांडर पॅच यांच्या हस्ते मिळालाही. म्हणजे दुय्यम पदकाची निवड गुणावगुणांच्या तुलनेतून झालेली नसून ती सद्भावनेपोटी केलेल्या घाईतून झाली. पदकविषयक अन्यायाची चर्चा करताना द्वेष किंवा उपेक्षा ही कारणे नेहमी पुढे येतात. येथे आपुलकी हेच कारण घडले, ही गोष्ट इतिहासकाराने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

१९४५ च्या मे महिन्यात क्लिंटन परगण्याच्या ऑल्बनी या मुख्य गावी कॉनर यांचे जाहीर स्वागत झाले. त्या समारंभाचे वक्ते होते पहिल्या महायुद्धाचे ख्यातनाम वीर सार्जंट ॲल्विन यॉर्क. त्यांचे गाव टेनेसीच्या हद्दीत, पण तेथून जवळच. या योगायोगात एक सूक्ष्म उपरोध दडलेला आहे. ऑक्टोबर १९१८ मधील कृत्याबद्दल यॉर्क यांनाही प्रथम डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉसच मिळाला होता. युद्ध संपताच अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष रणभूमीवर जाऊन चौकशी केली, सहकाऱ्यांच्या प्रतिज्ञापूर्वक साक्षी घेतल्या आणि काही महिन्यांतच, १९१९ च्या वसंतात, ते पदक मेडल ऑफ ऑनरमध्ये परिवर्तित झाले. ज्या श्रेणीवाढीसाठी कॉनर यांच्या बाजूने पुढे दोन तपे झगडावे लागले, तिचे जिवंत उदाहरण त्या दिवशी व्यासपीठावर उभे होते. तसा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला असल्याचे दिसत नाही.

कॉनर यांनी स्वतः या बाबतीत कधी हालचाल केली नाही. ३६ एकरांची शेती, परगण्याच्या शेतकरी संघाचे सतरा वर्षांचे अध्यक्षपद, आणि पत्नी पॉलीन यांच्या साह्याने जखमी व अपंग माजी सैनिकांना निवृत्तिवेतन मिळवून देण्याची खटपट, असा त्यांचा उत्तरायुष्याचा व्याप होता. इतरांचे अर्ज भरून देणाऱ्या या गृहस्थाने युद्धाविषयी घरातही क्वचितच तोंड उघडले. पदके आणि कागद एका पिशवीत बांधून ठेवलेले होते.

१९९६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एक माजी सैनिक, आन्झियो येथे मारल्या गेलेल्या आपल्या मामाची माहिती मिळवण्यासाठी, त्या मामासोबत लढलेल्या कॉनर यांच्याकडे आला. कॉनर तोवर कंपवाताने जर्जर झाले होते. मूत्रपिंडेही निकामी होत चालली होती. पाहुण्याच्या प्रश्नांना त्यांच्याकडून उत्तर मिळणे शक्य नव्हते. तेव्हा पॉलीन यांनी ती पिशवी उघडून दिली. मामाचा शोध घेण्यास आलेल्या माणसाने कागद वाचले, आणि हे कृत्य द्वितीय श्रेणीचे नाही अशी त्याची खात्री पटली. पदकोन्नतीच्या मागणीचा उगम असा आहे. कोणत्याही संस्थेने वा सैन्यकार्यालयाने ती उपस्थित केली नव्हती. एका तिऱ्हाइताच्या वाचनातून ती निघाली.

अर्ज गेला तो लष्करी अभिलेख-सुधारणा मंडळाकडे. या मंडळाची व्यवस्था १९४६ च्या कायद्यातून आलेली आहे. त्यापूर्वी एखाद्या सैनिकाच्या नोंदीतील चूक दुरुस्त करावयाची तर अमेरिकन काँग्रेसमध्ये खासगी विधेयक आणावे लागे; तो भार हलका करण्यासाठी नागरी सदस्यांची मंडळे स्थापण्याचा अधिकार देण्यात आला. मंडळाचे काम नोंद चुकीची वा अन्याय्य आहे काय एवढे पाहण्याचे. अर्जदाराने ते सिद्ध करावयाचे असते, आणि १९४५ मध्ये योग्य अधिकाऱ्याने दिलेले पदक हे गृहीतानुसार बरोबरच असते. १९९७ मध्ये मंडळाने कॉनर यांचा अर्ज नाकारला. पुढील वर्षीच्या ५ नोव्हेंबरला ते निवर्तले. २००० मध्ये पुन्हा नकार आला.

१९९७ चा हा नकार सर्वांत अधिक बोचणारा आहे, कारण त्या क्षणी पदक स्वीकारणारा मनुष्य जिवंत होता. तरीही मंडळाने अन्याय केला असे सरळ म्हणता येणार नाही. त्याच्यापुढे मूळ मानपत्र होते आणि उत्तरकालीन प्रशंसा होती. प्रत्यक्षदर्शींच्या त्या काळच्या साक्षींचा मात्र अभाव होता. कॉनर बोलू शकले असते तरी आपल्या शौर्याची साक्ष आपणच देणे या पद्धतीत ग्राह्य नव्हतेच. आजारी माणसाच्या वतीने धावपळ करणाऱ्यांना वाटत असते की वेळ थोडा आहे, तेव्हा नियम थोडे सैल व्हावेत. मंडळाच्या दृष्टीने अर्जदाराचे आजारपण हा पुराव्याचा भागच नसतो. या दोन दृष्टींमधील अंतर कोणत्याही परिपत्रकाने भरून निघत नाही.

२००६ मध्ये तीन प्रत्यक्षदर्शींची प्रतिज्ञापत्रे हाती आली. कॉनर पुढे गेले नसते तर आपली फळी चिरडली गेली असती असा त्यांचा इत्यर्थ होता. प्रकरणाला आता खरा पाया मिळाला. तथापि २००८ मध्ये नवा अर्ज दाखल झाला तेव्हा मंडळाने तो मुदतबाह्य ठरवला, कारण फेरविचाराची मागणी निर्णयानंतर एका वर्षाच्या आत करावी असा दंडक होता. पॉलीन कॉनर यांनी संघीय न्यायालयात दावा लावला. मार्च २०१४ मध्ये केंटकीच्या पश्चिम विभागातील न्यायाधीश टॉमस रसेल यांनी तो याच स्वरूपाच्या कारणाने निकालात काढला. कायद्याच्या तांत्रिक मर्यादेमुळे दावा अमान्य होत असला तरी लेफ्टनंट कॉनर यांच्या सेवेला व त्यागाला त्यामुळे बाध येत नाही, असे सांगण्यास ते विसरले नाहीत. न्यायपत्रातील ही सहानुभूती प्रामाणिक असावी. पण फेटाळलेल्या दाव्याला तिचा उपयोग नव्हता. मार्ग निघाला तो वरिष्ठ न्यायालयाने उभय पक्षांना तडजोडीच्या वाटाघाटींकडे वळवल्यामुळे. मंडळाने प्रकरण पुन्हा हाती घेतले आणि २०१५ मध्ये, नव्या साक्षी विचारात घेऊन, श्रेणीवाढीची शिफारस केली. त्यानंतर लष्कर, संरक्षण विभाग आणि काँग्रेस यांच्या पायऱ्या ओलांडून २६ जून २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी व्हाइट हाउसमध्ये ते पदक पॉलीन यांच्या स्वाधीन केले.

याच काळात श्रेणीवाढीची इतर प्रकरणेही घडत होती, आणि त्यांच्याशी ताडून पाहिल्यावाचून कॉनर प्रकरणाचे वेगळेपण उमगत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ अर्धशतक एकाही कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकाच्या नावे त्या युद्धातील मेडल ऑफ ऑनर नव्हते. लष्कराच्या विनंतीवरून शॉ विद्यापीठाने १९९३ मध्ये या गोष्टीचे संशोधन हाती घेतले. त्याच्या आधारे १३ जानेवारी १९९७ रोजी सात सैनिकांना हे पदक देण्यात आले. त्या सातांपैकी केवळ व्हर्नन बेकर हयात होते. जून २००० मध्ये आशियाई व पॅसिफिक वंशाच्या २२ सैनिकांचा असाच सन्मान झाला. त्यांत सेनेटर डॅनियल इनोये होते. या प्रकरणांत दोष एका शिफारशीचा नसून सबंध व्यवस्थेचा होता, म्हणून चौकशीही समूहाची झाली, आणि ती शासनाने आपण होऊन केली. कॉनर गौरवर्णीय केंटकीवासी. त्यांच्या पाठीशी असा कोणताही समूह नव्हता. एका माणसाचा कागद कमी पडला होता, एवढीच त्यांची तक्रार. समूहावरील अन्याय सिद्ध करणे कठीण असते खरे. परंतु तो एकदा मान्य झाला की पुढची वाट राज्यसत्ता स्वतः आखते. एकट्याला ती स्वतःच तुडवावी लागते.

व्हिएतनाम युद्धातील जॉन कॅन्ली यांचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. १९६८ च्या हुए येथील लढाईत कंपनी-प्रमुख जखमी झाल्यावर गनरी सार्जंट कॅन्ली यांनी नेतृत्व हाती घेतले व जखमी सैनिकांना वारंवार गोळीबारातून बाहेर काढले. त्यांना नेव्ही क्रॉस मिळाला. पुढे त्यांच्याच हाताखाली लढलेल्या एका सैनिकाने साक्षी जमवल्या. पाच वर्षांची मर्यादा शिथिल करणारा स्वतंत्र कायदा जानेवारी २०१८ मध्ये झाला आणि त्या ऑक्टोबरात, कर्करोगाने ग्रस्त असलेल्या कॅन्ली यांनी सर्वोच्च पदक स्वहस्ते स्वीकारले. मे २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. कॉनर यांच्या मानाने त्यांचे सुदैव असे की साक्षीदार हयात होते आणि त्यांना शोधून काढणारा मनुष्य स्वतःच त्यांपैकी एक होता.

मराठी वाचकाला येथे व्हिक्टोरिया क्रॉसची आठवण होणे स्वाभाविक आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीकाठी मराठा लाइट इन्फंट्रीचे नामदेव जाधव यांनी जखमी सहकाऱ्यांना सुरक्षित स्थळी नेऊन शत्रूची ठाणी निकामी केली, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्यांचा क्रॉस जाहीरही झाला. शिफारस वेळेवर आणि साक्षीसहित गेली की पद्धत किती वेगाने चालू शकते, याचे हे उदाहरण. परंतु १९११ पूर्वी हे पदक भारतीय सैनिकाला मिळण्याची सोयच नव्हती. कितीही पराक्रम गाजवला तरी त्याची धाव 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट'पर्यंतच. त्या काळातील सैनिकांच्या बाबतीत अपुऱ्या पुराव्याचा प्रश्न उद्भवत नाही. नियमानेच त्यांची श्रेणी आधी ठरवून ठेवलेली होती, आणि नियमाविरुद्ध अपील कोणत्या मंडळाकडे करावयाचे?

कॉनर यांच्या २०१८ च्या मानपत्रात नवे असे फारसे काही नाही. तेच चारशे यार्ड, तोच उथळ चर, तेच तीन तास. बदलले ते पदकाचे नाव. एका कृत्यासाठी दोन पदके देता येत नाहीत, या नियमानुसार फेब्रुवारी १९४५ मध्ये पॅच यांनी दिलेला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस या नव्या प्रदानाबरोबर रद्द झाला.